होम्स काउंटी, ओहायो: अमिश वस्तीत जाणाऱ्यांसाठी

अमिश म्हणजे आजही घोड्याच्या बग्गीतून फिरणारा, जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ. अमिश म्हटलं की बहुतेक मंडळी पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर गाठतात. आम्ही ओहायोतली होम्स काउंटी निवडली, कारण अमिशांचे निरनिराळे गट इथे अगदी शेजारी-शेजारी नांदतात. कोलंबसहून गाडीने दीडेक तास.

आधी बर्लिन गावातलं अमिश अँड मेनोनाइट हेरिटेज सेंटर बघा. हाइन्झ गॉगेल यांनी 1992 मध्ये पूर्ण केलेलं 'बेहाल्ट' हे गोलाकार भित्तिचित्र तिथे आहे, 10 फूट उंच आणि 265 फूट लांब. माहिती सांगणारा माणूस सोबत असेल तरच त्यातला या लोकांचा इतिहास नीट उलगडतो. 1527 मध्ये झुरिकला फेलिक्स मान्झ यांना नदीत बुडवून मारलं. गुन्हा काय, तर जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा! असा बाप्तिस्मा मानणाऱ्या याच अ‍ॅनाबाप्टिस्ट पंथातून 1693 मध्ये याकोब अम्मान यांच्या अनुयायांनी वेगळी चूल मांडली, ते अमिश. युरोपातली त्यांची शेवटची धर्मसभा 1937 मध्ये मेनोनाइटांत, म्हणजे त्याच पंथाच्या दुसऱ्या शाखेत, विलीन झाली.

गावोगावी योडर, मिलर, ट्रॉयर हीच आडनावं दिसतात. पण नुसत्या आडनावाने किंवा जन्माने कोणी अमिश ठरत नाही. घरच्या मुलांनाही वयात आल्यावर बाप्तिस्मा घ्यायचा की नाही हे स्वतः ठरवावं लागतं. जिवावर बेतूनही पूर्वजांनी जे सोडलं नाही ते आजही तसंच जपलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

गट ओळखायचे तर बग्गीची मागची बाजू बघा. संथ वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोण बहुतेकांकडे असतो. स्वार्टझेनट्रुबर हे सर्वांत कर्मठ. त्यांना तो भडक रंग नको, म्हणून राखाडी चकाकत्या पट्ट्या आणि कंदील. उलट 1960 च्या दशकात वेगळ्या झालेल्या न्यू ऑर्डरमध्ये घरात फोनही चालतो.

रविवारी जाऊ नका, जवळपास सगळं बंद असतं. माणसांचे फोटो काढू नका, लांबून झूम करूनही नाही. ते त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. चढ-उताराच्या रस्त्यांवर वेग कमी ठेवा, टेकाडापलीकडे बग्गी असू शकते. शाकाहारी असाल तर विचारूनच मागवा: नूडल्स कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात, फरसबीतही हॅम असतं.

गुरुवार जमत असेल तर उत्तरेला किड्रनपर्यंत जा. तिथे जनावरांचा लिलाव भरतो आणि अमिश शेतकरी आपल्या कामासाठी येतात. बाजूला उभं राहून बघा, मध्ये मध्ये करू नका.