रॅम्पच्या आधी न्हाणीघर

"भावासाठी नवीन घर बांधतोय. तो व्हीलचेअरवर असतो. रॅम्प कुठून काढू?" मी घरांचे नकाशे काढते, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो. कधी भाऊ असतो, कधी आई, कधी लेक.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रॅम्पचं उत्तर छोटं आहे. १ फूट चढायला निदान १२ फूट लांबी. जोतं दीड फुटाचं असेल तर १८ फूट, शिवाय वर-खाली खुर्ची वळेल एवढी सपाट जागा. पण घर नवीनच आहे, तर जोतं कमी ठेवा आणि दारापुढच्या जमिनीलाच हलका चढ द्या. सगळे एकाच दारातून आत येतील. एखाद्याला स्वतःच्याच घरात मागच्या दाराने यावं लागतं, ते मला बघवत नाही.

सुरुवात मात्र न्हाणीघरापासून करा. तिथली फरशी बाहेरच्या फरशीला सलग हवी, उंबरा नको. त्यासाठी तिथला स्लॅब आधीच खाली घ्यावा लागतो, म्हणजे पाण्याचा उतार त्या खोलगटीत बसतो. स्लॅब पडल्यावर हे सुचलं तर उशीर झालेला असतो. आत ५ फूट व्यासाचं वर्तुळ मोकळं ठेवा. दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं हवं, कारण माणूस आत पडला आणि दार आत उघडणारं असलं, तर त्याच्याच अंगामुळे ते अडतं. कमोडची बैठक खुर्चीच्या बैठकीइतकी उंच, साधारण १८-१९ इंच.

ही सगळी मापं मी माझ्या पहिल्या अशा घरात अचूक पाळली होती. तरी चूक झाली. ते घर ज्यांच्यासाठी होतं, त्या बाईंच्या फक्त उजव्या हातात बळ होतं. कमोडवर सरकताना त्या कुठल्या बाजूने जातात, हे मी विचारलंच नाही. मोकळी जागा एका बाजूला, धरायचा दांडा दुसऱ्या, दोन्ही त्यांच्या उलट. नव्या घरातही लेकीला हाक मारल्याशिवाय त्यांना न्हाणीघरात जाता येईना. शेवटी नव्या टाइल्स फोडल्या. ते अजून मनातून जात नाही.

'युनिव्हर्सल डिझाइन', म्हणजे सगळ्यांना वापरता येईल अशी रचना, ही कल्पना रूढ करणारे रॉन मेस स्वतः वास्तुरचनाकार होते, लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअर वापरणारे. त्यांच्यासह काही जणांनी १९९७ साली मांडलेल्या ७ तत्त्वांत वापरातली लवचीकता आहे आणि त्याखाली उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी वापरता येण्याची सोय स्पष्ट लिहिलेली आहे. आता मी कमोडच्या दोन्ही अंगांना जागा सोडते आणि दांडे लागतील तिथे भिंत आधीच भक्कम करून घेते. नुसत्या पातळ पार्टिशनवर ठोकलेला दांडा माणसाचं वजन घेत नाही.

दृष्टी किंवा ऐकण्याची अडचण असेल तर प्रश्न वेगळे: पायरीच्या कडेचा ठळक रंग, डोक्याच्या उंचीवर काहीही पुढे न आलेलं, बेल वाजली की लुकलुकणारा दिवा.

मला भेटायला याल तेव्हा नकाशा आणू नका. भावालाच घेऊन या. मी जमिनीवर खडूने खऱ्या मापाचं न्हाणीघर आखते, त्यात त्यांनी खुर्ची फिरवून बघायची. आणि सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत त्यांना कुठे-कुठे कोणाचा हात लागतो, तेवढं लिहून आणा.