घरच्या पेटीचा गंधार सापडला

गेल्या वेळी लिहिलं होतं, की घरच्या पेटीचा (हार्मोनियमचा) गंधार 14 सेंट उतरवलाय (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), आता नुसतं वाजवायचं. ते टिकलं नाही. पुढचे तीन आठवडे त्या एका सुराने खाल्ले.

कार्यक्रमाच्या पेटीला मी हात लावणार नाही. ती कीबोर्डबरोबर वाजते, तिथे सगळे सूर सारख्या अंतरावरच हवेत. घरची पेटी मात्र काळी एकला (म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा सा), फक्त तानपुऱ्यासाठी. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार उमटतो 346.5 हर्ट्झला आणि पेटीची गंधाराची पट्टी, पांढरी चार, उतरवण्याआधी बोलायची 349.2 ला. दोन्ही एकत्र धरले की आवाज सेकंदाला पावणेतीन हेलकावे खायचा. एकदा ऐकू आले की मग दुसरं काही ऐकू येत नाही.

पेटीत वाजणाऱ्या पितळी जिभेलाही सूर म्हणतात; खालच्या आवाजाच्या ओळीतला खर्ज, वरच्या आवाजाच्या ओळीतला नर. त्यातला नर सूर मुळाशी, रिव्हेटजवळ घासला. रात्री हेलकावे बंद. सकाळी गंधार वर चढलेला! वाटलं, घासताना पितळ तापतं, गार झाल्यावर सूर चढतो. म्हणून तासभर थांबून मोजायला लागलो. तरी तेच. सकाळी मुळाशी घासून उतरवायचा, रात्री टोकाला घासून चढवायचा. असं करता करता तो सूर कामातून गेला. पालिताण्याचा नवा बसवला. (माझ्या मते घासायला पालिताण्याचंच पितळ बरं, कानस नीट धरतं.)

बुधवारी मी कार्यक्रम घेत नाही. परवा तानपुरा लावून निवांत बसलो होतो. भाता हलका चालवला तर सूर मोजणारी सुई तीन सेंट वर, जोरात दाबला की जागेवर. सूर सरकत नव्हता, माझा डावा हात बदलत होता! मी जुळवायला बसायचो ते कार्यक्रमाहून आल्यावर. ढोलकी आणि ऑक्टोपॅडवर ऐकू जावं म्हणून तीन तास भाता रेटलेला असायचा, तोच हात घरी यायचा. आता जुळवणी फक्त बुधवारी सकाळी, हलक्या भात्यावर, पेटीचं झाकण बंद करून.

काल भूप राग वाजवला. तो गंधार तानपुऱ्यात असा मिसळला, की पेटी वाजतेय की तार, कळेना. पाच मिनिटं तेवढाच धरून बसलो.

पण धैवत आता खटकतोय. गंधार उतरल्यामुळे दोघांतलं अंतर ताणलं गेलंय, म्हणजे धैवताची पट्टी, काळी पाचही 16 सेंट उतरवावी लागणार. त्यानंतर निषादाचा बेत होता. लिहितानाच सुचलं: माझ्या पेटीत खर्ज आणि नर वेगळ्या स्टॉपरवर (ओळ चालू-बंद करायच्या खुंटीवर) आहेत. नरची ओळ तानपुऱ्याला लावून खर्जाची तशीच ठेवली, तर अडीअडचणीला हीच पेटी कार्यक्रमालाही नेता येईल.

नको. ही पेटी घराबाहेर जाणार नाही. दोन्ही ओळी उतरवतो. पुढच्या बुधवारी धैवत.