डहाणू ते बोर्डी, सायकलवर
आज पहाटे डहाणूहून निघालो, नरपड, चिखले, घोलवड करत थेट बोर्डी, एका बाजूने सतरा किलोमीटर असेल, पण चढ म्हणून नाहीच, रस्ता अगदी सपाट, डावीकडे सुरूच्या झाडांतून अधूनमधून समुद्र आणि उजवीकडे चिकूच्या वाड्या. जाताना उत्तरेचा गार वारा समोरून, सपाटीवर वाराच घाट होतो बघा, मांड्या भरून आल्या. घोलवडला एक मावशी लांब काठीला लावलेल्या जाळीने चिकू उतरवत होत्या, फळ जराही न आपटता, मी उभा राहून बघतच बसलो. त्यांनी दोन पिकलेले हातावर ठेवले, पैसे घेईनात! इथल्या चिकूला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, हक्काचंच आहे ते. येताना वारा पाठीला, नुसता चेनचा आवाज. पुढच्या रविवारी कोण येतंय?