एक टाकी पाणी, एक युनिट वीज

परवा कुंभार्ली घाट उतरताना भाच्याने विचारलं, मामा कोयनेचं पाणी कराडला जातं ना, मग वीज इकडे पोफळीला का बनवतात? मला हा प्रश्न इतका आवडला की म्हटलं लिहूनच काढू.

उत्तर सगळं उंचीत आहे. धरण 103 मीटर उंच, पायथ्याशी छोटं पॉवरहाऊस आहेच, पण तेच पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं की सह्याद्रीचा अख्खा कडा मिळतो, जवळजवळ 475 मीटर. आता आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. तेवढं पाणी धरणाच्या उंचीवरून पडलं तर फार तर पाव युनिट, पण पोफळीला पडलं तर हिशोबाने सव्वा युनिट, घर्षणात वगैरे जातं ते सोडून एक तरी नक्की हातात. म्हणजे तासभर इस्त्री केली की एक टाकी कड्यावरून खाली आली. मी तर तेव्हापासून बटण बंद करताना टाकीच बघतो डोळ्यासमोर!

खाली पाइपातून आलेलं पाणी नोझलमधून सुटतं आणि पेल्टन चाकावर आदळतं. चाकाच्या कडेने दोन-दोन वाट्या चिकटवल्यासारखे कप असतात, मधे धार, त्या धारेवर पाणी दुभंगतं, दोन्हीकडे वळून जवळजवळ उलटं फिरतं आणि आपला सगळा जोर चाकाला देऊन नुसतं खाली गळतं. त्याच शाफ्टवर जनरेटर, चुंबक फिरले की तारांच्या वेटोळ्यात वीज. संध्याकाळी घरोघरी दिवे-पंखे लागले की रोटर जड होतो, वेग पडायला बघतो, मग गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारं यंत्र, नोझल अजून उघडतो, कारण 50 हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला 50 आवर्तनं, सांभाळायलाच लागतात. कोळशाच्या संचाला तापायला तास लागतात, कोयना काही मिनिटांत हजर, म्हणून संध्याकाळी तिचीच आठवण होते.

आणि पाणी तिथे संपत नाही, कोळकेवाडीच्या धरणात साठून अलोऱ्याला परत एकदा वीज देतं आणि मग अवजल, म्हणजे वापरून झालेलं पाणी, वाशिष्ठी नदीत. धरणात गाव गेलेल्या माणसांचे पुनर्वसनाचे प्रश्न मात्र अजून सगळे सुटलेले नाहीत, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आत्याचं घर अलोऱ्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठीच. मे महिन्यात कोकणातल्या बाकीच्या नद्यांत नुसते धोंडे दिसतात, तेव्हा तिच्या घाटावर पाणी चढतं आणि ती धुणं वरच्या पायरीवर घेत म्हणते, "चालू झाल्या वाटतं रे मशिनी."