नवऱ्याच्या प्लेटलेट्स चालत नाहीत

गणपतीच्या दिवसांत आमच्या ब्लड बँकेचे फ्रीज गच्च भरलेले असतात. मंडळांची रक्तदान शिबिरं नुकतीच झालेली असतात. पण त्या असतात लाल पेशींच्या पिशव्या, महिनाभर टिकणाऱ्या. प्लेटलेट्स टिकतात ५ दिवस, तेही फ्रीजमध्ये नाही, २० ते २४ अंशांवर सतत हलणाऱ्या ट्रेवर. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटला वरचेवर लागतात त्या प्लेटलेट्स. त्यामुळे त्यांच्या घरच्यांना त्या भरलेल्या फ्रीजचं फारसं कौतुक नसतं.

मी अफेरेसिस मशीनवर काम करते. डोनरचं रक्त मशीनमध्ये येतं, त्यातल्या प्लेटलेट्स तेवढ्या बाजूला काढल्या जातात आणि बाकीचं त्याचं त्याला परत जातं. तास-दीड तासाने एक पिशवी हातात येते. तिला आम्ही एसडीपी म्हणतो, सिंगल डोनर प्लेटलेट्स.

विसर्जनाच्या दिवशी सकाळीच हेमॅटॉलॉजी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. पेशंट तिशीतली, एएमएल हा ल्युकेमिया, पहिली केमो नुकतीच संपलेली. प्लेटलेट काउंट ६ हजार, आणि नाकातून येणारं रक्त थांबत नव्हतं. धडधाकट माणसाचा काउंट दीड लाखाच्या वर असतो. शिबिरातल्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्स संपल्या होत्या आणि ट्रेवर ओ पॉझिटिव्हची एकही पिशवी नव्हती.

डोनर मात्र ठरलेला होता. नवऱ्याच्या ऑफिसातला मुलगा, सगळ्या तपासण्या आदल्या दिवशीच झालेल्या. रस्ते बंद म्हणून सदाशिव पेठेतून म्हात्रे पुलावरून चालत वेळेवर आलासुद्धा. फॉर्म भरताना विचारलं, काही गोळ्या? म्हणाला, "ढोल वाजवून खांदे भरून आलेत, रात्री डिस्प्रिन घेतली." झालं! अ‍ॅस्पिरिन पोटात गेली की प्लेटलेट्स एकमेकींना नीट चिकटत नाहीत. ३ दिवस अशा डोनरच्या प्लेटलेट्स घेता येत नाहीत. पथकांतली इतकी तरणी पोरं रक्तदानाला पुढे असतात, पण हे त्यांना सरावाच्या वेळी कुणी सांगत नाही.

"मग माझ्या घ्या," नवरा म्हणाला. बाही वर करूनच उभा होता. "मीही ओ पॉझिटिव्ह."

आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "मुलं किती?"

"दोन."

मॅडमनी मान हलवली. पोटातल्या बाळात निम्म्या खुणा बापाच्या असतात. त्यांच्याविरुद्ध काही बायकांच्या शरीरात अँटिबॉडीज तयार होतात आणि वर्षानुवर्षं राहतात. अशा बाईला नवऱ्याच्याच प्लेटलेट्स दिल्या, तर तासाभरात त्यांचा फडशा पडू शकतो. सगळ्यांचं असं होत नाही, पण ६ हजारांवर कोण पैज लावणार?

"म्हणजे मुलं झाली म्हणून माझं रक्त तिला चालत नाही?" हे मी कितीतरी नवऱ्यांना समजावलंय, पण इतकं तोडून कुणी विचारलं नव्हतं.

शेजारी तिचा भाऊ होता, साताऱ्याहून आलेला. तो म्हणाला, माझ्या घ्या. त्याच्याही नाही! पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरत होतं आणि त्याचं एचएलए सॅम्पल, म्हणजे पेशींवरच्या त्या खुणा जुळतात का हे बघायचं रक्त, तपासायला गेलं होतं. ज्याच्या स्टेम सेल्स, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी घ्यायच्या, त्याचं रक्त पेशंटच्या शरीराला आधी दाखवायचं नसतं, नाहीतर ते शरीर आधीच लढायला तयार होतं. म्हणजे जीव ओवाळून टाकायला तयार असलेली दोन माणसं समोर, आणि नेमकी तीच बाद.

त्याच वेळी बाहेरच्या बाकावर डेंगूच्या एका काकांचा भाचा बसला होता. तोही ओ पॉझिटिव्ह, तपासण्या झालेल्या. काकांचा काउंट १८ हजार, पण रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी फक्त "हाताशी असू दे" म्हणून पिशवी सांगितली होती. पिशवी कुणाला आधी द्यायची ते नियमाने डॉक्टर ठरवतात आणि वॉर्डात तसं बोलणंही झालं होतं. तरी नात्यातला माणूस आणलेल्या कुटुंबाला हे सांगणं अवघडच. मी काकूंना सांगायला लागले, तर त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. "आमचं दुपारी चालेल. त्या पोरीचं आधी करा."

भाचा मशीनवर गेला. पिशवी निघाल्यावर इरॅडिएटरमध्ये २५ ग्रे रेडिएशन दिलं. दात्याच्या लिंफोसाइट्स, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जिवंत राहिल्या तर अशा दुबळ्या पेशंटवर उलटू शकतात, म्हणून. मग पिशवी वर गेली.

दुपारी नवऱ्याच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले आणि काकांसाठी तो मशीनवर झोपला. अर्ध्या तासाने ओठांना मुंग्या आल्या म्हणाला. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतो, त्याने कॅल्शियम उतरतं. कॅल्शियमची गोळी चघळत तो बोलायला लागला. घरचा गणपती यंदा दीड दिवसाचा केला. वॉर्डात फूल, दूर्वा काही नेता येत नाही. कच्ची कोशिंबीरही बंद. मुलं आजीकडे. सगळं सांगताना नजर पिशवीवर. "काकांना लागू पडेल ना?" दोनदा विचारलं.

संध्याकाळी वॉर्डातून कळलं, तिचं नाक थांबलंय, काउंट ४१ हजार.

सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तिच्या भावाचं जुळलं. थंडीत ट्रान्सप्लांट झालं. त्याआधी भावाने ५ दिवस स्टेम सेल्स रक्तात उतरवणारी इंजेक्शनं घेतली, कंबर धरून आला आणि माझ्याच मशीनवर चार-पाच तास पडून राहिला. नवरा त्याच्या उशाशी बसून त्याला ऑफिसचे किस्से ऐकवत होता. पुढचे आठवडे कठीण गेले, तोंडात फोड, ताप. ते मी फक्त आमच्याकडे येणाऱ्या मागणीच्या फॉर्मवरून पाहिलं.

उन्हाळ्यात नवरा ब्लड बँकेच्या खिडकीशी आला, हातात रिपोर्ट. घाबरलेला. "ताई, लॅबने घोळ केलाय. तिचा ग्रुप बी पॉझिटिव्ह आलाय." भावाचा बी होता. नवा मॅरो भावाचा, त्यामुळे नवं रक्त बनणार तेही बी. जुन्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्या सरत गेल्या की ग्रुप बदलतो. घोळ नव्हता, मॅरो रुजल्याचा पुरावा होता.

त्याला हसू आवरेना. "आधी ग्रुप एक होता तरी माझं चाललं नाही. आता तर ग्रुपही एक राहिला नाही."

मी म्हटलं, "ते राहू दे, आज ओ पॉझिटिव्हचा एक पेशंट आहे वर. जेवून आलायत का?"