पळालेल्या तिसऱ्या

माशात टोमॅटो घालणाऱ्यांबद्दल आमच्या आईचं मत वाईट आहे. "सोलं संपली असतील बिचाऱ्यांची," एवढंच ती म्हणते (सोलं म्हणजे सुकवलेली कोकमं), पण त्या 'बिचाऱ्यां'त सगळं येतं.

त्यामुळे इटलीत नेपल्सला भाचीकडे गेले आणि पिन्यासेक्काच्या बाजारात मासेवाल्याने वोंगोले तोलता तोलता "बियांको की रोसो?" विचारलं, तेव्हा माझं उत्तर तयार होतं. वोंगोले म्हणजे शिंपल्याच, आपल्या तिसऱ्यांच्या चुलतबहिणी. त्यांची स्पॅगेटी पांढरी हवी तर नुसती लसूण, ऑलिव्ह तेल आणि पार्सली. तांबडी हवी तर टोमॅटो. "बियांको," मी ठणकावून सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या आजीबाई मध्ये पडल्या. "मॅकियाटो!" मला वाटलं, कॉफीला बोलावतायत. भाचीला हसू आवरेना. मॅकियाटो म्हणजे डाग पडलेलं. कॉफीत दुधाचा, तसा इथे टोमॅटोचा डाग. माणशी चार-पाच, बस्स.

घरी आल्यावर वोंगोले मिठाच्या पाण्यात ठेवले. दोन-तीन तासांत त्यांनी बरीच रेती ओकली. मग तेलात ठेचलेली लसूण, वर वोंगोले, झाकण. थोड्याच वेळात आत टकटक सुरू झाली. एकशिपी, म्हणजे एकाच शिंपीसकट तिसऱ्यांचं कालवण, करताना आई विळीवर एकेक तिसरी उघडते, आतलं पाणी सांडू देत नाही. इथे त्या आपणहून तोंड उघडतात आणि पाणी पॅनमध्येच सोडतात. ते गाळून घ्यायचं, कारण कितीही ओकली तरी चिमूटभर रेती उरतेच.

आता टोमॅटो. भाचीने आणले होते ते पिएन्नोलो, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावरचे, मोठ्या बोराएवढे, खाली चोच असलेले. आपल्याकडे कांद्याच्या माळा टांगतात तसे यांचे घोस सुतळीला बांधून टांगतात आणि उन्हाळ्यात तोडलेले टोमॅटो हिवाळाभर पुरतात. (नाताळच्या आदल्या रात्री नेपल्सला वोंगोले लागतातच, म्हणजे हिशोबही जमतो.) अर्धे चिरून, कापलेली बाजू खाली ठेवून तेलात सोडले. साल सुरकुतली, रस तेलात उतरला, की लगेच वोंगोलेचं पाणी आणि जरा कच्चीच काढलेली स्पॅगेटी. इथे पाच मिनिटं जास्त रेंगाळलं की टोमॅटोचा सॉस होतो आणि समुद्र त्यात बुडतो.

पहिल्या घासाला मी गप्प झाले. कोकम आंबटपणा देतं आणि बाजूला होतं. टोमॅटो तसा नाही, तो गोडही आहे आणि आगाऊही. त्याच्या बियांभोवती जो बुळबुळीत गर असतो, त्यात बाहेरच्या गरापेक्षा जास्त ग्लुटामेट असतं आणि तेच शिंपल्यांची चव उचलून धरतं. बिया काढून टाकणाऱ्या शेफमंडळींनी नेमकं काय टाकलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

बरं, नेपल्सलाही हा पाहुणाच. १६९२ साली तिथे छापलेल्या एका पाकपुस्तकात टोमॅटोचा सॉस आहे, पण 'स्पॅनिश पद्धतीचा' म्हणून. तेव्हा तिथल्याही कुणा आईने नाक मुरडलं असणार.

सोमवारी मासळीची दुकानं बंद. रविवारी होड्या गेल्या नाहीत तर मासे येणार कुठून? भाचीने तीच लसूण, तेच टोमॅटो, मूठभर पार्सली घेतली आणि 'वोंगोले फुयुते' केले. फुयुते म्हणजे नेपल्सच्या बोलीत पळून गेलेले. ताटात शिंपली एकही नाही; टोमॅटो आणि पार्सलीने फक्त तिची आठवण करून द्यायची. गंमत म्हणजे ती येतेही! श्रावणात आई बांगड्यात घालते तीच तिरफळं घालून आमटी करते, तेव्हा पातेल्यात डाळ असते आणि घरभर बांगडा, तसं.

रात्री आईला फोटो पाठवला. लगेच फोन.

"यात तिसऱ्या कुठे आहेत गं?"

"पळाल्या."

"पळतीलच," आई म्हणाली. "टोमॅटो घातलास ना!"