पागोळी कुठे पडणार?

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत एक सत्र प्रत्यक्ष कामाचं असतं. माझं कुडाळजवळच्या एका छोट्या ऑफिसात झालं. पोर्टफोलिओच्या पहिल्याच पानावर मी माझं ‘डिझाइन तत्त्वज्ञान’ छापलं होतं : स्थानिक साहित्य, साधेपणा, वगैरे. कमी खर्चात घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्यावर टिपणही लिहिलेलं. रॅट-ट्रॅप बाँडने, म्हणजे विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवल्याने, पाव हिस्सा विटा कशा वाचतात ते पाठ होतं. बेकर रद्दी कागदांवर चित्रं काढत आणि साइटवर गवंड्यांसोबत ठरवत, हेही मीच लिहिलं होतं. आणि साइटवर गेले ती लॅपटॉप घेऊन.

मे महिना. माझं डिझाइन असं : उघड्या जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, पश्चिमेला जमिनीपर्यंत काच, छप्पर भिंतीच्या रेषेतच कापलेलं. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं चित्र, झकास आलं होतं. मेस्त्रींनी ते बराच वेळ पाहिलं.

“बाय, पागोळी खंय पडतली?”

मला काही बोलता येईना. ते मला शेजारच्या जुन्या घरी घेऊन गेले. पूर्वेच्या भिंतीवर वासे तीन फूट पुढे आलेले. मी टेप लावला. शेवाळाचा काळा पट्टा जमिनीपासून जेमतेम वीतभर. मग मागे गेलो. तिथली पश्चिमेची पडवी गाडी लावायला म्हणून गेल्या वर्षी पाडलेली. एका पावसाळ्यात भिंत खिडकीच्या वरपर्यंत काळी पडली होती आणि आत चुन्याचे पोपडे सुटले होते. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याला भोकं असतात हेही दिसत होतं, फक्त मी त्याला टेक्श्चर म्हणत होते! सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि झड येते ती समुद्राकडून, म्हणजे नेमकी माझ्या काचेवर.

कॉलेजात आम्ही सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, सगळ्यात शेवटी, सबमिशनच्या आदल्या रात्री काढतो. त्या रात्री मी बटर पेपरवर आधी तोच काढला, एकास वीस मापात. छप्पर तीन फूट पुढे ओढलं, जोतं उचललं, काचेच्या जागी पडवी आली. पडवीमुळे आतला उजेड कमी झाला, म्हणून चार कौलं काचेची केली. त्यावर मी खूश होते.

सकाळी मेस्त्रींनी कागद उन्हात धरला. पागोळीच्या रेषेवरून बोट फिरवलं, मान हलवली. मग पडवीवर बोट थांबलं.

“बरा आसा. पण पावसात लाकडां खंय ठेवतली ती?”

ती म्हणजे घराची मालकीण. मी पेन्सिल काढली.